स्टॅटिक साइट जनरेटर : आपला ब्लॉग आपल्याच फाइलींत कसा ठेवायचा?

ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने अमेरिकेतली जिओसिटीज ही सेवा बंद केली. एप्रिल २०१३ मध्ये पोस्टरस ही ब्लॉगसेवा बंद झाली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं, आणि त्यावर रंगलेले मराठी कट्टेही त्याबरोबर मिटले. बंद होण्यापूर्वी सूचना दिल्या गेल्या होत्या. ज्यांनी वेळेत प्रत काढून घेतली त्यांचं लेखन त्यांच्याकडे राहिलं. ज्यांचा जुना ईमेल पत्ता चालू नव्हता किंवा ज्यांनी वर्षभर लॉगिनच केलं नव्हतं, त्यांना ते कळलंही नसेल.

ब्लॉग लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावा असा प्रश्न यातून उभा राहतो : माझं लेखन नेमकं कुठे आहे? बहुतेकांचं उत्तर ‘कुठल्या तरी कंपनीच्या डेटाबेसमध्ये’ असं असतं. तिथून ते बाहेर काढता येतं, पण त्यासाठी ती कंपनी आणि आपलं खातं दोन्ही शाबूत असावं लागतं.

स्टॅटिक साइट जनरेटर वापरणाऱ्याचं उत्तर वेगळं असतं. त्याचं लेखन त्याच्या संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलींत असतं. इंटरनेटवर दिसते ती वेबसाइट म्हणजे त्या फोल्डरपासून तयार केलेली प्रत. ती प्रत उद्या नाहीशी झाली, तर दुसरीकडे पुन्हा बनवता येते. हे कसं चालतं, त्यातून ब्लॉग कसा उभा करायचा आणि तो मराठी वाचकाला सुखाने वाचता यावा म्हणून कसा सजवायचा, ते या लेखात पाहू.

पान ‘आधीच तयार’ असतं म्हणजे काय?

वर्डप्रेससारख्या पद्धतीत लेख डेटाबेसमध्ये साठवलेला असतो. वाचकाने पान मागितलं की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम जागा होतो, डेटाबेसमधून मजकूर काढतो, त्याला शीर्षक, मेनू, तळपट्टी जोडतो आणि तयार झालेलं पान वाचकाकडे पाठवतो. दुसरा वाचक आला की हेच सगळं पुन्हा. या पद्धतीला डायनॅमिक म्हणतात.

दिवाळी अंकाचं उदाहरण घ्या. स्टॉलवर येणाऱ्या प्रत्येक वाचकासाठी छापखान्यात नव्याने जुळणी करून एक अंक छापायचा, अशी ही रीत झाली. स्टॅटिक पद्धतीत अंक एकदाच छापला जातो आणि गठ्ठे स्टॉलवर ठेवले जातात. वाचकाने मागितला की उचलून द्यायचा. जनरेटर म्हणजे तो छापखाना. तुम्ही लेख लिहिता, जनरेटर चालवता, तो सगळ्या लेखांची तयार पानं बनवतो. सर्व्हरचं काम मागितलेली फाइल देण्यापुरतं उरतं.

याचे फायदे सरळ आहेत. पान पटकन उघडतं, कारण जागच्या जागी काही बनवावं लागत नाही. डेटाबेस नसल्यामुळे तो बिघडण्याचा किंवा त्यात कोणी घुसण्याचा प्रश्न येत नाही. दर महिन्याला प्लगइन अद्ययावत करण्याची कटकट नाही. आणि नुसत्या फाइली वाटणं स्वस्त असल्याने छोट्या ब्लॉगसाठी जागा बहुधा फुकट मिळते. वर्डप्रेसमध्येही तयार पानं साठवून ठेवण्याची सोय जोडता येते, पण इथे तीच मूळ पद्धत आहे.

ही कल्पना नवी नाही. सुरुवातीच्या वेबवरची बहुतेक पानं अशीच हाताने लिहिलेली, स्थिर असत. २००१ मध्ये आलेलं मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचं सॉफ्टवेअरही तयार पानं बनवून ठेवत असे. २००८ मध्ये गिटहबचे एक सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी जेकिल हा जनरेटर बनवला आणि ही पद्धत नव्याने लोकप्रिय झाली.

कोणता जनरेटर घ्यावा?

आज असे जनरेटर डझनावारी आहेत. जेकिल हा रूबी भाषेत लिहिलेला आहे. पेलिकन पायथनमध्ये आहे. झॅक लेदरमन यांचा इलेव्हंटी जावास्क्रिप्टवर चालतो. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला ह्यूगो गो भाषेत आहे. तुम्हाला यातली एखादी भाषा येत असेल तर तिचा जनरेटर घ्या. येत नसेल तरी अडत नाही, कारण ब्लॉगसाठी प्रोग्रॅमिंग करावं लागत नाही.

या लेखात ह्यूगो धरून चालू. कारण व्यावहारिक आहे : ह्यूगो म्हणजे एकच प्रोग्रॅम. तो उतरवून घेतला की बाकी काही बसवावं लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि शेकडो लेखांचा ब्लॉगही काही क्षणांत बांधून देतो. ‘तीन वर्षांनी उघडलं आणि चालेचना’ हा प्रकार जिथे दहा वेगवेगळे भाग एकमेकांवर अवलंबून असतात तिथे जास्त होतो. ह्यूगोचा जो प्रोग्रॅम आज तुमच्याकडे चालतो, त्याची फाइल जपून ठेवली तर ही भीती बरीच कमी होते.

फोल्डर, फाइल आणि पहिला लेख

समजा, तुम्हाला गडकिल्ल्यांच्या भटकंतीचा ब्लॉग लिहायचा आहे. कमांडची खिडकी उघडून ‘ह्यूगो न्यू साइट’ आणि पुढे ब्लॉगचं नाव अशी आज्ञा द्यायची. (इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात.) त्याबरोबर एक फोल्डर तयार होतो आणि त्यात काही उपफोल्डर. सुरुवातीला त्यांतले पाचच लक्षात ठेवा :

- ‘कंटेंट’ : यात तुमचे लेख.
- ‘लेआउट्स’ : यात पानांचे साचे.
- ‘असेट्स’ : यात सजावटीच्या आणि ह्यूगोने प्रक्रिया करायच्या फाइली.
- ‘स्टॅटिक’ : यात जशाच्या तशा पुढे जाणाऱ्या फाइली, उदाहरणार्थ फॉन्ट.
- ‘थीम्स’ : यात दुसऱ्याने बनवलेली तयार सजावट.

याशिवाय साइटचं नाव, पत्ता आणि भाषा सांगणारी एक सेटिंगची फाइल असते. ह्यूगो नवी साइट बनवताना भाषा अमेरिकन इंग्रजी धरतो. ती आधी मराठी करून घ्या. याचं महत्त्व पुढे कळेल.

लेख म्हणजे ‘कंटेंट’मधली एक फाइल. तिच्या डोक्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये लेखाची माहिती असते : शीर्षक, तारीख, विषय, आणि लेख कच्चा आहे की पक्का. त्याखाली मजकूर. हा मजकूर मार्कडाउन पद्धतीने लिहितात. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली ही पद्धत इतकी सोपी आहे की अर्ध्या तासात हातात बसते. उदाहरणार्थ :

## कसं जायचं?

गुंजवणे गावातून चोर दरवाजाची वाट चढणीची आहे.

- भरपूर पाणी
- टॉर्च
- चांगली पकड असलेले बूट

दोन हॅश म्हणजे उपशीर्षक, दोन-दोन ताऱ्यांमधला शब्द ठळक, आडव्या रेघेने सुरू होणारी ओळ म्हणजे यादीतला मुद्दा. हॅशनंतर एक जागा सोडायची, नाहीतर उपशीर्षक होत नाही. परिच्छेद बदलायला मध्ये एक ओळ रिकामी सोडायची.

मराठीत लिहिताना एक खाचखळगा नेहमी लागतो. ठळक करायचा शब्द अवतरणचिन्हांसकट ताऱ्यांत घातला आणि पुढे ‘ला’, ‘चा’, ‘वर’ असा प्रत्यय जोडला, तर शब्द ठळक होत नाही, तारे तसेच दिसतात. प्रत्यय शब्दाला चिकटत नाहीत अशा भाषांत ही अडचण क्वचितच येते. उपाय सोपा आहे : तारे अवतरणचिन्हांच्या आत ठेवा. म्हणजे ‘राजगड’ला असं लिहा.

आता ‘ह्यूगो सर्व्हर’ ही आज्ञा दिली की तुमच्याच संगणकावर ब्लॉग चालू होतो आणि ब्राउझरमध्ये पाहता येतो. फाइलीत बदल करून ती सेव्ह केली की समोरचं पान आपोआप बदलतं. अजून जगाला काहीच दिसत नसतं, त्यामुळे इथे हव्या तेवढ्या चुका करा.

साचा आणि थीम

लेखात फक्त मजकूर आहे. शीर्षक कुठे, तारीख कुठे, मागच्या लेखाचा दुवा कुठे, हे साचा ठरवतो. साचा म्हणजे वेबपानाची नेहमीची फाइलच, पण तिच्यात जागोजागी दुहेरी महिरपी कंस असतात. ‘इथे शीर्षक टाक’, ‘इथे मजकूर टाक’ अशा त्या सूचना. ह्यूगो प्रत्येक लेखासाठी त्या जागा भरतो. मेनूत एक नवा दुवा द्यायचा असेल तर साचा एकदा बदला, दोनशे पानं एकदम बदलतात.

सुरुवातीला साचे स्वतः लिहायची गरज नाही. ह्यूगोसाठी शेकडो थीम फुकट मिळतात. निवडताना पहिल्या पानाच्या चकचकाटावर जाऊ नका. नमुना लेखाचं पान मोबाइलवर उघडून पाहा, कारण वाचक तेच पाहणार आहे. शेवटचा बदल कधी झाला तेही बघा. दोन-तीन वर्षं कोणी हात न लावलेली थीम नव्या ह्यूगोवर अडू शकते.

एक पथ्य पाळा : थीमच्या फोल्डरमधल्या फाइलींत बदल करू नका. थीमची नवी आवृत्ती घेतली की ते पुसले जातील. बदलायची फाइल आपल्या ‘लेआउट्स’ फोल्डरमध्ये त्याच नावाने, त्याच जागी ठेवा. दोन्हीकडे एकच फाइल दिसली तर ह्यूगो तुमची वापरतो.

मराठी मजकुराची सजावट

आता मुख्य भाग. साच्यात रचना ठरते आणि रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा या गोष्टी सीएसएस नावाच्या वेगळ्या फाइलीत ठरतात. ‘परिच्छेदातला मजकूर या रंगाचा, या आकाराचा’ असे साधे नियम त्यात असतात. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. त्यांत मराठी मजकूर घातला की काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, पण काय ते कळत नाही. तपासायच्या गोष्टी अशा :

ओळींमधलं अंतर. रोमन अक्षरांना वर-खाली फारसं काही लागत नाही. देवनागरीत रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असतात. रोमनसाठी अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर पुरतं. मराठीसाठी १.७ ते १.८ पट ठेवून पाहा. या एका बदलाने पान बरंच सुटसुटीत होतं.

अक्षरांमधलं अंतर. काही थीम शीर्षकातली अक्षरं जरा दूर-दूर ठेवतात. इंग्रजीत ते देखणं दिसतं. मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. हा नियम शोधून शून्य करा.

तिरकी अक्षरं. देवनागरी छपाईत इटॅलिकची परंपरा नाही. फॉन्टमध्ये तिरकं वळण नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच वाकवून दाखवतो. जोर द्यायला ठळक अक्षर किंवा वेगळा रंग वापरा.

दुव्याखालची रेघ. ती उकारांना चिकटते आणि ‘कु’ की ‘कू’ असा प्रश्न पडतो. रेघ थोडी खाली सरकवण्याचा नियम सीएसएसमध्ये आहे, तो लावा.

ओळीची लांबी. मोठ्या पडद्यावर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला की पुढची ओळ सापडत नाही. मजकुराच्या रकान्याला कमाल रुंदी द्या. एका ओळीत दहा-बारा शब्द आले की पुरे. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोह टाळा : मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात, आणि मोबाइलच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात.

फॉन्ट. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर वाचकाच्या यंत्रावरचा देवनागरी फॉन्ट वापरला जातो. विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो. हे सगळे वाचनीय आहेत आणि त्यांचं वजन वाचकाच्या डेटावर पडत नाही. वेगळं रूप हवं असेल तर एक टाइपचा मुक्त किंवा टिरो देवनागरी मराठी असे खुल्या परवान्याचे फॉन्ट आहेत. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात. एक किंवा दोनच वजनं घ्या, वेबसाठीच्या दाबलेल्या प्रकारात घ्या, आणि फॉन्ट येईपर्यंत मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसत राहील अशी सूचना सीएसएसमध्ये द्या. नाहीतर खोऱ्यातल्या गावात, एका दांडीच्या सिग्नलवर वाचणाऱ्याला काही सेकंद कोरं पान दिसेल.

फॉन्ट पक्का करण्याआधी एक चाचणी घ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द लिहून पाहा. एकात रफार आणि दुसऱ्यात अर्धचंद्रासारखा ऱ्य नीट दिसला नाही, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ‘ॲ’ हे अक्षरही तपासा.

भाषेची खूण. सेटिंगमध्ये भाषा मराठी केली आणि थीमच्या साच्याने ती पानावर उतरवली, की ब्राउझरला पान मराठी आहे हे कळतं. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हिंदी छपाईतल्या वळणांहून वेगळे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या लिपीविषयक निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं हे या खुणेवरून ठरतं. दृष्टिहीन वाचकांचं वाचनयंत्रही कोणत्या भाषेच्या उच्चारांनी वाचायचं ते यावरूनच ठरवतं. इंग्रजीची खूण असलेलं मराठी पान त्यांना ऐकताना त्रासदायक होतं.

पत्ता आणि फाइलीचं नाव

लेखाच्या फाइलीचं नाव देवनागरीत ठेवलं तर पानाचा पत्ताही देवनागरीत होतो. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा टक्केचिन्हांची माळ होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह अशा माळेत नऊ अक्षरं घेतं. ‘पाऊस’ हा शब्द प, काना, ऊ, स अशा चार चिन्हांचा, म्हणजे ३६ अक्षरं. आख्ख्या शीर्षकाचा पत्ता मग पडद्यावर मावत नाही. शिवाय काही साधनं पत्ता बनवताना काना-मात्रा गाळून टाकतात आणि शब्दाचा सांगाडा उरतो. म्हणून शीर्षक मराठीत ठेवा, फाइलीचं नाव मात्र छोटं आणि रोमन लिपीत. एकदा दिलेला पत्ता पुन्हा बदलू नका, दुसऱ्यांनी दिलेले दुवे तुटतात.

छायाचित्रांचं वजन

भटकंतीच्या ब्लॉगचं खरं ओझं मजकुराचं नसतं. हा आख्खा लेख साध्या फाइलीत शंभर किलोबाइटच्या आत मावतो. फोनवरचा एक फोटो मात्र सहज तीन ते पाच मेगाबाइटचा असतो. राजगडाच्या लेखात तसे दहा फोटो घातले तर वाचकाचे तीस ते पन्नास मेगाबाइट गेले.

मोबाइलच्या पडद्याला हजार-बाराशे पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. ह्यूगोला फोटो लहान करता येतात, पण लेखाच्या फोल्डरात ठेवलेला मूळ मोठा फोटोही साइटबरोबर वर जाऊ शकतो. म्हणून लहान करूनच फोल्डरात ठेवणं चांगलं. फोनच्या फोटोत तो कुठे काढला ते स्थानही नोंदलेलं असतं. घरी काढलेला फोटो असेल तर ती नोंद आधी काढून टाका.

ब्लॉग जगापुढे मांडताना

‘ह्यूगो’ एवढीच आज्ञा दिली की ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरमध्ये तयार साइट बनते. तो फोल्डर कुठल्याही सर्व्हरवर ठेवला की काम झालं. रुळलेली वाट अशी : सगळा मूळ फोल्डर गिट या नोंदवहीसारख्या साधनाने गिटहबवर ठेवायचा, आणि नवा लेख चढवला की तिथेच साइट बांधून प्रसिद्ध होईल अशी व्यवस्था लावायची. गिटहब पेजेस ही सोय फुकट आहे, तिथे साइटचा आकार एक गिगाबाइटच्या आत ठेवावा लागतो. क्लाउडफ्लेअर आणि नेटलिफाय याही अशाच सेवा देतात.

इथे एक गोष्ट आधी माहीत असावी. गिटहबच्या फुकट खात्यावर पेजेस वापरायचं तर मूळ फोल्डर सार्वजनिक ठेवावा लागतो. म्हणजे कच्चा म्हणून खूण केलेला लेख ब्लॉगवर दिसत नसला, तरी फोल्डरमध्ये कोणालाही दिसतो. नंतर पुसला तरी जुन्या नोंदींत राहतो. खाजगी टिपणं या फोल्डरमध्ये ठेवू नका, आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावा.

जमलं तर स्वतःचं डोमेन घ्या. त्याचे वर्षाला काही पैसे पडतात, पण पत्ता तुमच्या नावावर राहतो. उद्या सेवा बदलली तरी वाचक त्याच पत्त्यावर येतो. फाइली तुमच्या आणि पत्ताही तुमचा, मग मधली कंपनी कोणतीही असो.

नेमकं कुठे अडतं?

नव्या माणसाचे दिवस खाणाऱ्या अडचणी बहुतेक वेळा याच असतात :

- लेख दिसतच नाही. डोक्यावरच्या माहितीत तो कच्चा म्हणून राहिला आहे का ते पाहा.
- लेख काही तासांनी दिसतो. ह्यूगो पुढच्या तारखेचे लेख प्रसिद्ध करत नाही. तारखेसोबत वेळ लिहिली आणि टाइमझोन सांगितला नाही, तर तो ती वेळ ग्रिनिचची धरतो. भारत साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे तुमची सकाळी दहाची वेळ त्याच्या दृष्टीने दुपारी साडेतीनला येते. सेटिंगमध्ये भारतीय वेळ नोंदवा.
- घरी सगळं छान, वेबवर सजावट गायब. सेटिंगमधला साइटचा पत्ता चुकला आहे. खरा पत्ता पूर्ण लिहा.

हे कोणासाठी नाही?

लेख फक्त फोनवरूनच लिहिणाऱ्याला ही पद्धत जड जाईल. पाच जणांनी मिळून चालवलेला ब्लॉग आणि त्यातल्या चौघांना कमांडच्या खिडकीची धास्ती, अशी स्थिती असेल तर वर्डप्रेस किंवा ब्लॉगर बरं. वाचकाच्या लॉगिननुसार बदलणारं पान इथे जमत नाही. साइटवर शोधाची सोय जोडता येते, पण मराठीची विभक्ती बहुतेक साधनांना कळत नाही : ‘किल्ला’ शोधणाऱ्याला ‘किल्ल्यावर’ असलेला लेख सापडत नाही. त्यापेक्षा तालुक्यानुसार किंवा विषयानुसार नीट याद्या करणं जास्त उपयोगी पडतं.

जुना ब्लॉग असेल तर

ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींत आपल्या सगळ्या लेखांची फाइल उतरवून घेण्याची सोय आहे. त्या फाइलीचं मार्कडाउनमध्ये रूपांतर करणारी साधनंही मिळतात. फोटो मात्र वेगळे उतरवावे लागतात का ते तपासा, कारण मजकुराच्या फाइलीत अनेकदा फक्त त्यांचे पत्ते असतात.

साध्या फाइलींचं मोल मराठी माणसाला वेगळं पटवावं लागू नये. युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टंकलेले कितीतरी लेख आज उघडले की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मजकूर आहे, पण तो वाचायला तोच फॉन्ट किंवा रूपांतराचं साधन शोधावं लागतं. तुमच्याकडे असे जुने लेख असतील तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि ‘ऱ्य’, ‘र्‍हा’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ अशी अक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात चुका तिथेच होतात.

युनिकोडमधली साधी फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही मजकुराच्या साधनात उघडते. ह्यूगो उद्या बंद पडला तरी ती वाचता येईल आणि दुसऱ्या जनरेटरला देता येईल. म्हणून जनरेटर वापरायचं ठरो वा न ठरो, आज एक काम करा. तुमच्या सध्याच्या ब्लॉगची प्रत उतरवून घ्या, ती उघडून पाहा, आणि तुमचा पहिला लेख त्यात वाचता येतो का ते बघा.